नऊ पाठांची रात्र

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या ट्रूरो शहरात २४ डिसेंबर १८८०च्या रात्री दहा वाजता चारशेवर माणसे एका लाकडी इमारतीत जमली. शहराचे जुने पॅरिश चर्च त्याच शरद ऋतूत पाडायला घेतले होते, कारण त्या जागी कॅथीड्रल उभे राहायचे होते. त्याच्या पायाचे दगड मे महिन्यात बसवले गेले होते, पण भिंती वर यायला अजून वर्षे लागणार होती. मधल्या काळातली उपासना या लाकडी निवाऱ्यात चाले. त्या रात्री तिथे बायबलमधले नऊ छोटे उतारे वाचले गेले आणि त्यांच्या अधूनमधून नाताळची गाणी झाली. पहिला उतारा गाणाऱ्या मुलांपैकी एकाने वाचला, पुढचे चढत्या मानाने इतरांनी आणि शेवटचा खुद्द बिशपने.

आज जगभरच्या अँग्लिकन चर्चमध्ये, आणि अँग्लिकन नसलेल्याही कितीतरी ठिकाणी, डिसेंबरात जी 'नऊ पाठ आणि कॅरोल' उपासना होते तिचा उगम हा. ती ऐकणाऱ्याला वाटते की हे सारे मध्ययुगापासून असेच चालत आले असावे. दगडी कमानी, मेणबत्त्या, पांढऱ्या झग्यातली मुले पाहून तसे वाटणारच. प्रत्यक्षात उपासनेचा हा साचा दीडशे वर्षांचाही नाही. मात्र तो ज्या तुकड्यांतून जुळला ते तुकडे खरोखर जुने आहेत, आणि त्यातले बहुतेक कुणीतरी टाकून दिलेले होते.

पहिला तुकडा म्हणजे नऊ हा आकडा. धर्मसुधारणेच्या आधी इंग्लंडच्या कॅथीड्रलांतून मोठ्या सणाच्या रात्री एक दीर्घ प्रार्थना होई. तिचे तीन भाग असत आणि प्रत्येक भागात स्तोत्रांनंतर तीन पाठ, म्हणजे एकूण नऊ. बेनेडिक्टाइन मठांत हे पाठ बारा असत, कॅथीड्रलांत आणि पॅरिशमध्ये नऊ. वाचकांचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे जाई. डिसेंबरातली ही लांबलचक रात्र, अंधार, थंडी आणि एकामागून एक उभे राहणारे वाचक हे सगळे लॅटिनमध्ये चाले आणि मुख्यतः धर्मगुरूंपुरते असे. १५४९मध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅनमरने इंग्रजी प्रार्थनापुस्तक आणले तेव्हा दिवसरात्रीच्या या साऱ्या प्रार्थना आटोपशीर करून दोनच ठेवल्या, सकाळची आणि संध्याकाळची. सामान्य माणसाला समजेल आणि झेपेल अशी उपासना त्याला हवी होती, आणि त्याचे ते म्हणणे रास्त होते. पण त्या काटछाटीत नऊ पाठांची रात्र गेली ती सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ.

दुसरा तुकडा गाण्यांचा. त्यांचे हाल याहून जास्त झाले. सतराव्या शतकात प्युरिटनांच्या हाती संसद आली आणि १६४७मध्ये नाताळचा सणच रद्द करण्यात आला. कँटरबरीत त्यावरून दंगल उसळली. १६६० साली राजेशाही परतली, नाताळ परतला, पण कॅरोलना चर्चमध्ये सहजासहजी जागा मिळाली नाही. उपासनेत स्तोत्रसंहितेतली छंदोबद्ध स्तोत्रे गायची असा शिरस्ता होता. १७०० साली त्या स्तोत्रांच्या पुरवणीत नेहम टेटचे मेंढपाळांवरचे गाणे आले आणि पुढे बराच काळ चर्चमध्ये अधिकृतपणे चालणारे नाताळचे गाणे म्हणजे जवळपास तेवढेच. बाकीची गाणी अंगणात, घरोघरी, दारूच्या गुत्त्यात आणि खेड्यातल्या चर्चच्या मागच्या सज्जात राहिली. त्या सज्जात फिडल, बासरी, बासून वाजवणारे गावातले कारागीर बसत. एकोणिसाव्या शतकात ऑर्गन आले आणि हे वादक घरी बसले. टॉमस हार्डीची 'अंडर द ग्रीनवुड ट्री' ही १८७२ची कादंबरी याच निरोपाची आहे.

कॉर्नवॉल इथे पुन्हा येतो, आणि हा योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो. नाताळची गाणी नामशेष होत आहेत या काळजीने ती गोळा करणारा पहिला मोठा माणूस डेव्हिस गिल्बर्ट हा कॉर्नवॉलचाच. शास्त्रज्ञांच्या रॉयल सोसायटीचा पुढे अध्यक्ष झालेल्या या गृहस्थाने १८२२मध्ये पश्चिम इंग्लंडातल्या जुन्या कॅरोलचा एक छोटा संग्रह छापला. लहानपणी ऐकलेली गाणी आता बंद पडली, त्यांची आठवण तरी राहावी, हा त्याचा हेतू. अकरा वर्षांनी विल्यम सँडिसने मोठा संग्रह काढला. आज प्रत्येक डिसेंबरात गायले जाणारे 'द फर्स्ट नोएल' चालीसकट छापील रूपात त्यातून लोकांसमोर आले. श्राद्ध घालायला निघालेल्या माणसांनी नकळत बारसे केले.

त्याच कॉर्नवॉलमध्ये अँग्लिकन चर्चची अवस्था नाजूक होती. उपदेशक जॉन वेस्लीच्या दौऱ्यांपासून खाणकामगार आणि कोळी मोठ्या संख्येने मेथडिस्ट झालेले. तांब्याचे भाव १८६६च्या सुमारास कोसळले, खाणी बंद पडल्या, हजारो माणसे ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला गेली आणि जाताना आपली कॅरोल घेऊन गेली. कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीसारख्या खाणगावांत ती गाणी रुजली. कॉर्नवॉलमध्ये गाणारे गळे होते, पण ते बहुतेक मेथडिस्टांच्या चॅपलमध्ये होते. अशा मुलखात १८७७मध्ये ट्रूरोला पहिला बिशप मिळाला, एडवर्ड व्हाइट बेन्सन. आधीचा शाळामास्तर, जुन्या उपासनाविधींचा अभ्यासक, शिस्तीचा.

बेन्सनच्या आधीपासून ट्रूरोचे गायक नाताळात घरोघरी जाऊन गात. १८७८ साली नाताळच्या आदल्या रात्री दहा वाजता चर्चमध्येच कॅरोलचा कार्यक्रम झाला. पुढे सॉमरसेट वॉलपोल या तरुण धर्मगुरूने सुचवले आणि बेन्सनने जुन्या ग्रंथांच्या आधाराने १८८०चा विधी रचला. पुरुषांना त्या रात्री गुत्त्यापासून दूर ठेवण्यासाठी ही वेळ आणि ही उपासना योजली, अशी गोष्ट ट्रूरोत हमखास सांगतात. तिच्यात तथ्य असेलही, पण माझे तेवढ्याने समाधान होत नाही. गुत्ते रिकामे करायला नुसती गाणी पुरेशी होती. बेन्सनने त्याऐवजी लॅटिन रात्रप्रार्थनेचा सांगाडा उचलला आणि त्यावर लोकांची गाणी चढवली. क्रॅनमरने धर्मगुरूंचे म्हणून जे बाजूला सारले आणि प्युरिटनांनी जे हाकलले, ते दोन्ही या माणसाने एका लाकडी छताखाली आणले.

बेन्सन १८८३मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला. (हिवाळ्याच्या रात्री भुताच्या गोष्टी सांगण्याची इंग्रजी रीत त्यालाही प्रिय होती. हेन्री जेम्सला 'द टर्न ऑफ द स्क्रू'चे बीज त्याच्याकडून मिळाले.) त्याचा विधी ट्रूरोबाहेर थोड्याफार चर्चमध्ये पोचला. पण तो जगभर जायला एक महायुद्ध घडावे लागले.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १९१८ साली एरिक मिल्नर-व्हाइट डीन म्हणून आला. वय चौतीस. सैन्यात पाद्री म्हणून आघाडीवर राहून आलेला. खंदकांतल्या माणसांना प्रार्थनापुस्तकातली ठरीव उपासना पुरेशी पडत नाही हे त्याने पाहिले होते. चर्चने उपासनेत अधिक कल्पकता, अधिक रंग आणावा असे त्याचे मत बनले होते. युद्धविराम ११ नोव्हेंबरला झाला आणि सहा आठवड्यांनी, नाताळच्या आदल्या दुपारी, किंग्जच्या चॅपलमध्ये बेन्सनचा विधी नव्या रूपात झाला. मिल्नर-व्हाइटने त्याला एक आरंभीची प्रार्थना जोडली. तिच्यात गरीब, भुकेले, एकाकी आणि शोकाकुल यांची आठवण आहे, आणि शेवटाकडे पैलतीरावरच्या, अधिक प्रकाशात असलेल्या असंख्य माणसांची. त्या बाकांवर बसणाऱ्या वयाची किती मुले फ्रान्समध्ये पुरलेली होती हे ठाऊक असलेल्यांनी ती प्रार्थना प्रथम ऐकली. आजही ती ऐकताना अंगावर काटा येतो तो या कारणाने.

पुढच्या वर्षी त्याने क्रम सुधारला आणि तेव्हापासून आरंभ ठरून गेला: सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडरने मुलांसाठी १८४८मध्ये लिहिलेले 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी', आणि त्याचे पहिले कडवे एका मुलाच्या एकट्या आवाजात. स्टीफन क्लोबरी संगीतप्रमुख असताना हे कडवे कुणी गायचे ते अगदी आयत्या वेळी ठरे. दोन-तीन मुलांची तयारी असे आणि क्षणभर आधी खूण होई. मुलाला घाबरायला वेळच मिळू नये म्हणून.

पण खुद्द मिल्नर-व्हाइटच्या लेखी संगीत हा या उपासनेचा कणा नव्हता. कणा पाठांचा. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम बागेत लपतो तिथून वाचन सुरू होते. अब्राहामाला दिलेले वचन, यशयाचा अंधारात चालणारा आणि प्रकाश पाहणारा लोक, लूकमधले मेंढपाळ, मत्तयमधले मागी, आणि शेवटी सगळे उभे राहून ऐकतात तो योहानाचा पहिला अध्याय. उद्धाराची आख्खी कथा तासा-दीड तासात. गाणी दर वर्षी बदलू शकतात. १९८३पासून किंग्जमध्ये दर वर्षी एक नवे कॅरोल मुद्दाम लिहून घेतले जाते. पाठांत मात्र फारसा फरक होत नाही.

पुढचे टप्पे भराभर सांगता येतात. बीबीसीने १९२८मध्ये ही उपासना प्रथम प्रक्षेपित केली आणि १९३०चा अपवाद सोडला तर दर वर्षी करत आले. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या जुन्या रंगीत काचा काढून ठेवल्या होत्या, आत ऊब नव्हती, आणि शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून रेडिओवर चॅपलचे नाव सांगत नसत. तरी प्रक्षेपण झाले. तिथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा पुण्या-मुंबईत रात्रीचे साडेआठ झालेले असतात. बीबीसीच्या जागतिक सेवेमुळे आपल्याकडेही चर्चला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या काही घरांत ती ऐकली जाते.

रेडिओने ही उपासना कानावर घातली, पण ती गावोगावच्या पॅरिशांच्या हातात दिली एका पुस्तकाने. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९६१मध्ये रेजिनाल्ड जॅक्स आणि डेव्हिड विलकॉक्स यांनी संपादित केलेले 'कॅरोल्स फॉर कॉयर्स' काढले. पन्नास गाणी, आणि सोबत नऊ पाठांचा क्रम. विलकॉक्स तेव्हा किंग्जचे संगीतप्रमुख. बारा-पंधरा हौशी गळ्यांच्या कॉयरलाही सोप्या चार आवाजांत गाता यावे आणि शेवटच्या कडव्यावर मुलींचा वा मुलांचा आवाज उंच उडावा, अशी त्यातली मांडणी. हिरव्या वेष्टनाचे ते पुस्तक आजही इंग्लंडातल्या बहुतेक कॉयरच्या कपाटात सापडते, पानांवर पेन्सिलच्या खुणांसकट. इतिहास लिहिणारे किंग्जच्या ध्वनिमुद्रिकांवर बरेच लिहितात. मला हे पुस्तक अधिक निर्णायक वाटते, कारण ध्वनिमुद्रिका ऐकायची असते आणि या पुस्तकाने लोक गाऊ लागले.

पॅरिशमध्ये आल्यावर वाचकांची शिडी पुन्हा ट्रूरोसारखी झाली. ट्रूरोत गाणाऱ्या मुलापासून बिशपपर्यंत, किंग्जमध्ये मुलापासून प्रोव्होस्टपर्यंत, म्हणजे कॉलेजच्या प्रमुखापर्यंत, आणि मध्ये केंब्रिज शहराचा प्रतिनिधी. खेड्यात पहिला पाठ रविवारशाळेतली मुलगी वाचते, मग गावच्या शाळेच्या बाई, घंटा वाजवणाऱ्यांपैकी एक जण, शेजारच्या मेथडिस्ट चॅपलचे कुणी, चर्चवॉर्डन, आणि शेवटी पाळक. त्यातल्या काहींनी वर्षभरात चर्चची पायरी चढलेली नसते. या विधीत प्रभुभोजन नाही, त्यामुळे कुणाला बाकावर मागे राहावे लागत नाही आणि आपण यांच्यातले आहोत की नाही हे कुणाला सिद्ध करावे लागत नाही. यायचे, बसायचे, ओळखीचे गाणे लागले की उभे राहून गायचे. नंतर मागच्या बाजूला मिन्स पाय आणि गरम मसालेदार वाइन. दारातल्या टोपलीत गावातल्या फूड बँकेसाठी डबे आणि पाकिटे.

मोजून पाहिले तर अँग्लिकन पॅरिशचा हिवाळा लांब असतो. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या आरंभी आगमनकाळाचा पहिला रविवार येतो. मग संत्र्यावर मेणबत्ती रोवून मुलांना देण्याची ख्रिस्टिंगल उपासना (हीसुद्धा मोरेव्हियन मंडळीकडून १९६८मध्ये अँग्लिकनांकडे आलेली), नाताळ, ६ जानेवारीचे प्रकटीकरण, आणि २ फेब्रुवारीला मेणबत्त्यांचा सण झाला की नाताळचा काळ मिटतो. या सगळ्यात चर्च सर्वाधिक भरते ते बहुधा नऊ पाठांच्या संध्याकाळी. काटेकोर मंडळी कुरकुरतात की आगमनकाळ वाट पाहण्याचा असतो, त्यात जन्माची गाणी आधीच कशी गाता? मिल्नर-व्हाइटलाही ती अडचण जाणवली असावी. सुटीआधी विद्यार्थी हजर असतानाच करता यावी म्हणून त्याने १९३४मध्ये किंग्जसाठी आगमनकाळाची वेगळी कॅरोल उपासना रचली. पॅरिशांनी त्या वादात फारसा वेळ घालवलेला नाही.

आता ग्रामीण इंग्लंडात एकेका पाळकाकडे पाच, सहा, कधी त्याहून अधिक चर्च असतात. नाताळच्या सकाळी प्रत्येक गावात प्रभुभोजन देणे त्याला शक्य नसते. नऊ पाठांना मात्र धर्मगुरू अनिवार्य नाही. परवानाधारक लोकवाचक किंवा चर्चवॉर्डन ते चालवू शकतो. म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून अशा गावांची वेळापत्रके एकमेकांना सांभाळून बसवतात: शुक्रवारी एका गावात, रविवारी दुपारी दुसऱ्यात, संध्याकाळी तिसऱ्यात, ऑर्गन वाजवणारा एकच असतो म्हणून. नववा पाठ कुणी वाचायचा हे जिथे पाळक येणार नाही तिथे गावच ठरवते, आणि पुष्कळदा तो गावातल्या सर्वांत वयस्क बाईंकडे जातो.