शाळेचे जुने सभागृह

भगिनींनो, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यातील वडीलधाऱ्या बायकांना सांगावयास नको. गणपती पोचवून माणसे निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरकडची जमीन हादरली आणि सुमारे ८ हजार माणसे गेली. आपले नांदूरघाट केज तालुक्यात. जिल्ह्याची शीव लातूरला व तेव्हाच्या उस्मानाबादला भिडलेली.

माणसे मेली ती भिंतींखाली. आपल्याकडील दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट रुंद, दिसावयास किल्ल्यासारखी. परंतु ती एकजीव नसते. आतला पदर निराळा, बाहेरचा निराळा, मध्ये चिपा नि माती. हादऱ्यासरशी पदर फाकतात. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र पुष्कळ घरांत उभाच राहिलेला आढळला!

त्या पहाटे शाळा रिकाम्या होत्या. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटेचाच. कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे १० मार्च १९३३ रोजी शाळा कोसळल्या त्या सायंकाळी, मुले घरी गेल्यावर. तेथे महिन्याभरात शाळांच्या बांधकामाचा कायदा झाला. २६ जानेवारी २००१ ला कच्छात मात्र हादरा सकाळी पावणेनऊला बसला, आणि अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली मुले गल्लीतच गाडली गेली.

जुन्या शाळेत वर्गांपेक्षा सभागृहाची काळजी अधिक. वर्गाला आडव्या भिंतींचा आधार असतो; सभागृहाची लांब भिंत एकटी उभी. आणि स्नेहसंमेलनाला सारा गाव दाटीने बसतो तो तिच्याच कडेला.

तेव्हा ते पाडावे काय? किल्लारीनंतर लोकांनी दगडाची धास्तीच घेतली आणि जो तो स्लॅबकडे धावला. मला हे पटत नाही. अडाणीपणे ओतलेला स्लॅबही जीव घेतो. उपाय ठाऊक आहेत, भूकंपानंतर या भागातील हजारो घरांची मजबुती करण्यात आली. भिंतीला सुमारे मीटरभर अंतरावर आरपार भोके पाडून, आकडीची सळई घालून काँक्रीट भरावयाचे, म्हणजे दोन्ही पदर शिवले जातात. गोधडीला टाके घालतो तसेच! दारे-खिडक्यांवर चारी भिंतींना सलग पट्टा, खांब व तुळईच्या सांध्यात तिरपे टेकू, आणि वर्षानुवर्षे चढवलेली माळवदाची जादा माती उतरवणे. भोकांची तोंडे दगडी चिपांनी बुजवली की फारशी ओळखू येत नाहीत. पट्टा दिसतो, दिसू द्यावा. सबंध भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापण्यास मात्र हरकत घ्यावी.

इंजिनिअर येण्यापूर्वी आपणही एक पाहू शकतो: भिंतीला पोट सुटले आहे काय? सुटले असेल, तर तो भाग उतरवून पुन्हा बांधून होईपर्यंत तिच्यालगत मुलांना बसवू नये.