एका टाकाऊ हस्तलिखिताचे पुनर्वाचन : हाल हार्टलीचा 'फे ग्रिम'

हाल हार्टली या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 'हेन्री फूल' (१९९७) या चित्रपटाला १९९८ साली कान महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला अबोल कचरावाला सायमन ग्रिम, त्याच्या तळघरात येऊन राहिलेला बढाईखोर हेन्री आणि सायमनची बहीण फे, अशा तिघांची ही कथा. हेन्री वह्यांमागून वह्या भरून आपला 'कबुलीजबाब' लिहीत असतो. जग हादरवून सोडणारा ग्रंथ, असा त्याचा दावा. प्रत्यक्षात त्याच्या चिथावणीने लिहू लागलेला सायमन नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचतो आणि गुरूचे लेखन टाकाऊ ठरते. गंमत अशी की सायमनची कविता किंवा हेन्रीच्या वह्या यांतले काहीही प्रेक्षकाच्या कानी पडत नाही. साहित्यकृती पडद्याआड ठेवून केवळ साहित्यव्यवहार दाखवणारा असा चित्रपट विरळाच.

नऊ वर्षांनी, २००६ च्या टोरोंटो महोत्सवात, त्याचा उत्तरभाग 'फे ग्रिम' आला आणि जाणकारांची पंचाईत झाली. कारण हा चक्क हेरपट होता. हेन्रीला पळून जायला मदत केल्याबद्दल सायमन तुरुंगात आहे. फेच्या दारी सी.आय.ए.चा अधिकारी फुलब्राइट (जेफ गोल्डब्लम) येतो आणि सांगतो, की तुझा नवरा मेला. पण त्याच्या वह्या फ्रान्समध्ये सापडल्या आहेत, त्या ताब्यात घ्यायला पॅरिसला जा. भावाच्या सुटकेची अट घालून ती जाते आणि पुढे इस्तंबूलपर्यंत ओढली जाते. वह्यांतले वाईट गद्य म्हणे सांकेतिक लिपी होती. तीत अनेक सरकारांची गुपिते दडलेली होती!

प्रतिक्रिया दुभंगल्या त्या इथेच. पार्कर पोझीच्या अभिनयाचे कौतुक बहुतेकांनी केले; भांबावलेली, तरी हार न मानणारी फे तिने लीलया उभी केली आहे. तक्रारी दुसऱ्या होत्या. जवळजवळ प्रत्येक चौकट तिरकी. कॅरल रीडच्या 'द थर्ड मॅन'ने (१९४९) रूढ केलेली ही क्लृप्ती जपून वापरायची असते; इथे मान दुखू लागते. उत्तरार्धात विनोद आटतो आणि पात्रे एकमेकांना कथानक समजावून सांगत बसतात. हा आक्षेप प्रस्तुत लेखकालाही मान्य आहे.

मूळ चित्रपटाच्या चाहत्यांचे दुखणे मात्र अधिक खोल होते. सुमार लेखक हा सुमारच असतो, आणि तरीही तो दुसऱ्याला लिहिते करू शकतो, ही 'हेन्री फूल'मधली करुण जाणीव. उत्तरभागाने हेन्रीच्या अपयशाला गुप्त सामर्थ्याचा मुलामा दिला, असे त्यांना वाटले. उत्तरभाग पूर्वभागाचा अर्थ असा मागे जाऊन बदलू शकतो काय? कादंबरीच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही.

माझ्या मते आक्षेपक एक गोष्ट विसरतात. वह्या मौल्यवान आहेत, असे चित्रपट म्हणत नाही. तसे हेरखाती मानतात. पहिला चित्रपट लेखकांविषयी होता, दुसरा वाचकांविषयी आहे. आणि हे वाचक सशस्त्र आहेत. या दोन चित्रपटांच्या मध्ये २००१ चा सप्टेंबर आणि २००३ चे इराक युद्ध येते. कागदपत्रांतून हवा तो अर्थ काढून त्यावर युद्ध उभारले गेले, त्या काळात वाईट गद्याचे अतिवाचन हा केवळ विनोदाचा विषय उरला नव्हता. हार्टली तेव्हा बर्लिनला राहत होता. आपल्या देशाकडे दुरून पाहण्याची सवय या चित्रपटात जाणवते.

मे २००७ मध्ये अमेरिकेत हा चित्रपट चित्रगृहे, दूरचित्रवाणी आणि डीव्हीडी अशा तिन्ही वाटांनी जवळपास एकदमच प्रदर्शित झाला. सोडरबर्गच्या 'बबल'बाबत (२००६) हाच प्रयोग झाला होता. प्रेक्षक त्यामुळे विखुरला, आणि ज्यांनी 'हेन्री फूल' पाहिलाच नव्हता अशांपुढेही तो गेला. त्यांना तो अर्धवट कळला असल्यास नवल नाही.

तिसरा भाग 'नेड रायफल' (२०१४) लोकवर्गणीतून उभा राहिला. त्यात फे देशद्रोहाच्या आरोपाखाली जन्मठेप भोगते आहे आणि तिचा मुलगा नेड बापाला ठार मारायला निघाला आहे. हेरांचा सारा पसारा मागे पडला आहे. त्याची शिक्षा मात्र फेच्या वाट्याला राहिली आहे.