मेथॅनॉलवर पोसलेले जंतु

द्राक्षशर्करेच्या एका रेणूंत कर्बाचे सहा परमाणु असतात. मेथॅनॉलमध्यें, म्हणजे पूर्वीं लाकडाच्या अर्कापासून मिळणाऱ्या त्या विषारी मद्यार्कांत, अवघा एक. असल्या दरिद्री अन्नावर कोणी जगत असेल हें सहसा खरें वाटत नाहीं. तथापि १९०६ सालीं डेल्फ्ट येथें सोंगेन यानें मिथेन वायूवर वाढणारा जंतु वेगळा काढून दाखविला. पुढें शेफील्डच्या क्वेल यांनीं हे जंतु एकेक कर्ब जोडून आपलें शरीर कसें बांधितात तें उलगडलें.

१९६० नंतर जगांत प्रथिनांचा दुष्काळ पडणार अशी भीति पसरली, आणि त्याच सुमारास उत्तर समुद्राखालीं वायूचे साठे सांपडले. इंपीरिअल केमिकल इंडस्ट्रीज या इंग्रज कंपनीनें वायूपासून मेथॅनॉल, मेथॅनॉलपासून जंतु आणि जंतूंपासून पशुखाद्य असा बेत आंखिला. बिलिंगहॅम येथें सुमारें १५०० घनमीटरांचें प्रचंड पात्र उभें राहिलें. त्यांतील द्रव पंख्यानें न घुसळतां हवेच्याच जोरानें फिरे.

पण खरी मौज पात्रांत नसून जंतूंत होती. ॲमोनिया पचवितांना या मेथिलोफिलसला दर खेपेस शक्तीचा कांहीं अंश खर्चावा लागे. आपल्या आंतड्यांतील कोलाय जंतूपाशीं याहून काटकसरीची युक्ति असते. १९८० सालीं कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या युक्तीचें जनुक कोलायमधून उचलून मेथिलोफिलसमध्यें बसविलें. तितक्याच मेथॅनॉलांत जंतूंचें पीक अधिक येऊं लागलें. वाढ थोडी, पण निश्चित. कारखान्यासाठीं जंतूच्या अंगभूत स्वभावांत केलेला हा अगदीं आरंभींचा फेरफार होय.

तरीहि धंदा बुडाला. तेलाच्या भाववाढीनें मेथॅनॉल महागलें, सोयाबीन मात्र स्वस्तच राहिलें. तें दशक सरण्यापूर्वींच उत्पादन थांबलें. आमच्या मतें हा पराभव बाजाराचा, विज्ञानाचा नव्हे.

पुढें प्रश्नच उलटा झाला: मेथॅनॉलभक्षी जंतु सुधारण्याऐवजीं साखरखाऊ कोलायलाच मेथॅनॉल खावयास कां शिकवूं नये? अडचण मोठी होती. मेथॅनॉल पचतांना प्रथम फॉर्माल्डिहाइड होतें, आणि प्रेतें टिकविण्यासाठीं वापरतात तेंच हें द्रव्य जनुकसूत्र व प्रथिनें एकमेकांस जखडून टाकतें. २०२० सालीं तैवानमधील लिआओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही अडचण ओलांडली. त्यांचा कोलाय केवळ मेथॅनॉलवर वाढला; मात्र साखरेवर झपाट्यानें दुप्पट होणाऱ्या त्या प्राण्यास येथें साडेआठ तास लागत.