मुक्तस्रोत प्रकल्पाचे स्वास्थ्यमापन

समुदायाने चालवलेला सॉफ्टवेअर प्रकल्प तगून राहील का, हे जोखण्याची पद्धत. २०१७ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सुरू झालेल्या ‘केऑस’ प्रकल्पाने यासाठी सामाईक मापके ठरवायला घेतली : तक्रारीला पहिले उत्तर किती वेळात मिळते, नवे लोक टिकतात का, किती जण सोडून गेले तर काम ठप्प होईल. यातले शेवटचे, म्हणजे ‘बस फॅक्टर’, सर्वांत बोलके. गिटहब या संकेतस्थळावर प्रकल्पाला मिळणारे तारे लोकप्रियता दाखवतात, प्रकृती नव्हे. कमी ‘बस फॅक्टर’च्या धोक्याचे उदाहरण : फाइल-संकोचनाचे साधन ‘एक्सझेड यूटिल्स’ असंख्य लिनक्स प्रणालींत होते, भार मात्र जवळजवळ एकाच स्वयंसेवकावर. त्याचा विश्वास संपादून एका अनोळखी सहकाऱ्याने त्यात चोरवाट घुसवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इनमधला अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून ती उघडकीस आली.