आष्ट्याच्या शेतातला नांगर नेमका कुठला? आयातीचा इतिहास वाचताना

'आयात' हा शब्द दिसला की आपण इतिहासाचे विद्यार्थी लगेच वहीत दोन रकाने पाडतो. डावीकडे परदेशी माल, उजवीकडे स्वदेशी माल. मग बहिष्कार, होळ्या, टिळक, गांधी, आणि सिनॉप्सिसचा निम्मा भाग तयार! अडचण एवढीच की ज्याला धंदा चालवायचा असतो तो माणूस असा विचार करत नाही. त्याचे प्रश्न वेगळे असतात. माल कुठून मिळतो? कधी पोचतो? पैसे कोणत्या दरानं चुकते करायचे? आणि एखादा भाग तुटला तर दुसरा कोण देणार?

हे प्रश्न घेऊन आपल्याच भागातलं एक उदाहरण बघू. वाळवा तालुक्यातल्या आष्ट्याहून कृष्णा ओलांडून उत्तरेला गेलं की सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आत किर्लोस्करवाडी लागते. 'स्वदेशी उद्योग' म्हटलं की हे नाव हमखास येतं, आणि ते बरोबरच आहे. पण या उद्योगाची सुरुवात परदेशी माल विकण्यापासून झाली, आणि ही गोष्ट फक्त प्रस्तावनेतल्या एका ओळीत उरकण्यासारखी नाही.

आधी सायकल

किर्लोस्कर बंधूंचं बेळगावातलं दुकान 1888 सालचं, सायकलींचं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात पवनचक्क्या वगैरे यंत्रं विकण्याचा खटाटोप केला.

या टप्प्यावर किर्लोस्कर म्हणजे आजच्या भाषेत डीलर. यात शिकण्यासारखं काय? तर बरंच काही. परदेशी यंत्र विकणाऱ्याला ते खोलावं लागतं, जोडावं लागतं, बिघडलं तर दुरुस्त करावं लागतं. इंग्लंडमधला कारखानदार काही बेळगावला येणार नसतो. सुएझ कालवा झाल्यावरसुद्धा मुंबई ते लंडन टपालाला साधारण दोन आठवडे लागत. म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर यायला किमान महिना, आणि माल यायला त्याहून जास्त. एवढ्या लांबच्या पुरवठादारावर अवलंबून असलेला माणूस एक तर धंदा सोडतो, नाही तर स्वतः कारागीर होतो. किर्लोस्करांचं दुसरं झालं.

मग नांगर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर तयार व्हायला लागले. बाजारात इप्सविचच्या रॅन्सम्ससारख्या इंग्लिश कंपन्यांचे नांगर होतेच. लोखंडानं जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांमध्ये समज होता, त्यामुळे किर्लोस्करांचे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि भांडवलासाठी कर्ज दिलं आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आता हा नांगर समोर ठेवा आणि त्याचे भाग मोजा. लोखंडी नांगराची कल्पना बाहेरची. तो घडवायला लागणारे लेथ आणि भोकं पाडायची यंत्रं त्या काळी बहुतेक परदेशातूनच येत. मजूर, ओतारी, सुतार मात्र इथले. जमीन आणि बैल इथले. आणि कुंदा-हराळीनं भरलेली, खोल उलथावी लागणारी काळी रानंही इथलीच. मग हा नांगर स्वदेशी की परदेशी? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. 'या नांगराचा कोणता भाग कुठून येत होता, आणि तो यायचा थांबला तर काय होत होतं?' असा प्रश्न विचारला की कागद बोलायला लागतात.

शेतकऱ्याच्या बाजूनंही तेच. नांगराचा फाळ झिजतो. पेरणीच्या तोंडावर तो बदलून मिळायला हवा. इप्सविचहून आलेल्या नांगराचा फाळ मुंबईच्या व्यापाऱ्याकडे शिल्लक नसला तर तो हंगाम गेलाच. जवळच्या कारखान्याचा खरा फायदा देशभक्तीइतकाच इथेही असणार, असा माझा तर्क आहे. तो तपासायचा तर सुट्या भागांच्या मागणीच्या नोंदी हव्यात.

1914: वाट बंद झाली

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि समुद्रावरची वाहतूक लष्कराच्या कामाला जुंपली गेली. ब्रिटनचे कारखाने दारूगोळ्याकडे वळले. जमशेदपूरला टाटांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, पण त्याचा मालही मोठ्या प्रमाणावर युद्धाकडे गेला. किर्लोस्करवाडीच्या नांगराला बाजारात स्पर्धक उरला नाही, मात्र ओतायला लोखंडही उरलं नाही! आयात बंद होणं म्हणजे देशी उद्योगाला सुवर्णसंधी, असं वाक्य आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्याची दुसरी बाजू ही.

या काळातली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले. भाषणात ही गोष्ट टाळ्या घेते. पण संशोधक म्हणून तिच्याकडे बघा. ही पुरवठ्याच्या टंचाईची नोंद आहे. कारखान्याला भंगारात तोफा शोधाव्या लागतात, याचा अर्थ नेहमीचा पुरवठा किती तुटला होता, हे त्यातून कळतं.

1920: हुंडणावळीचा फटका

आयातीच्या धंद्यात माल न येणं हा एक धोका. माल येतो पण दर बदललेला असतो, हा दुसरा. युद्धाआधी रुपयाचा दर वर्षानुवर्षं 1 शिलिंग 4 पेन्सच्या आसपास होता, म्हणजे एका पौंडाला 15 रुपये. युद्धानंतर रुपया झपाट्यानं वधारला आणि 1920 च्या सुरुवातीला 2 शिलिंगांच्याही बराच वर गेला. परदेशी माल स्वस्त वाटायला लागला आणि व्यापाऱ्यांनी भराभर मागण्या नोंदवल्या. मग रुपया कोसळला.

हिशेब करून बघा. 100 पौंडांचा माल 2 शिलिंगांच्या दरानं मागवला तर 1000 रुपये. माल बंदरात उतरेपर्यंत दर 1 शिलिंग 4 पेन्सवर आला तर त्याच मालाचे 1500. मुंबईसह अनेक ठिकाणच्या आयातदार व्यापाऱ्यांनी ठरलेला माल उचलायला नकार दिला. त्या दोन वर्षांचे आयातीचे आकडे बघून 'मागणी वाढली' असा निष्कर्ष काढाल तर फसाल. त्यातला किती माल गोदीत पडून राहिला, हेही विचारायला हवं.

जकातीचंही तसंच. सर्वसाधारण आयात जकात 1894 पासून 5 टक्के होती. ती 1916 मध्ये साडेसात, 1921 मध्ये 11 आणि 1922 मध्ये 15 टक्के झाली. 1924 मध्ये पोलादाला संरक्षण मिळालं. टाटांना त्याचा आधार झाला, पण पोलाद विकत घेऊन वस्तू बनवणाऱ्या कारखान्याला तीच जकात खर्चात धरावी लागणार. एकाचं संरक्षण ते दुसऱ्याचा खर्च.

कागद कुठे शोधायचे?

आता तुमच्या कामाचा मुद्दा. आष्टा तेव्हा ब्रिटिश मुलखात, सातारा जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात. किर्लोस्करवाडी औंध संस्थानात. दक्षिण सातारा जिल्हा 1949 चा, आणि त्याचं 'सांगली' हे नाव 1960 चं. म्हणजे 'सांगली जिल्ह्याचा औद्योगिक इतिहास' असा विषय घेऊन 1915 चं सांगली जिल्ह्याचं दप्तर मागाल, तर ते मिळणारच नाही. आष्ट्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं किर्लोस्करवाडीचा नांगरसुद्धा एका सरहद्दीपलीकडूनच येत होता!

समुद्री व्यापाराच्या सरकारी वार्षिक अहवालात मुंबई बंदरात उतरलेला माल मिळतो. तो पुढे कुणाच्या दारात गेला, ते मिळत नाही. रेल्वेमार्गे झालेल्या व्यापाराचे वेगळे अहवाल आहेत, पण त्यात माल मोठ्या गटांमध्ये मोजलेला असतो. तेव्हा आकड्यांना जोड म्हणून कंपनीच्या किमतीच्या याद्या आणि जाहिराती वाचा. 'किर्लोस्कर' मासिक मुळात 1920 साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालं, हे लक्षात ठेवून त्याचे सुरुवातीचे अंक चाळा. मात्र ते कारखान्याचंच पत्र होतं, हेही विसरू नका.

शेवटी एक तारीख. किर्लोस्करांनी 1941 साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढली आणि तिथे लेथ बनवायला घेतले. सायकलीच्या दुकानापासून इथवर 53 वर्षं गेली. एवढ्या काळात आयात कधीच पूर्ण थांबली नव्हती. कोणती वस्तू आयात करायची, हे मात्र बदलत गेलं. तुमच्या गावातल्या उद्योगाचा अभ्यास कराल तेव्हा ही बदलती यादी आधी तयार करा. रकाने नंतर पाडता येतील.