संजय गांधी राष्ट्रीय उद्यान

मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरलेले राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे १०४ चौ. किमी. पश्चिमेस बोरिवली, कांदिवली व मालाड, दक्षिणेस आरे व पवई, पूर्वेस भांडुप व मुलुंड आणि ईशान्येस ठाण्याचे येऊर अशा वस्तीने ते वेढलेले आहे. घोडबंदर रस्त्यापलीकडचा, वसईच्या खाडीलगतचा नागला हा सुटा भागही त्यात मोडतो. मुंबईतील सर्वांत उंच ठिकाण जांभूळमाळ याच जंगलात आहे. दहिसर, पोईसर व ओशिवरा या नद्या येथे उगम पावतात. मुख्य प्रवेशद्वार बोरिवली पूर्वेस असून उद्यान सोमवारी बंद असते. उपनगरांत त्याला सर्रास ‘नॅशनल पार्क’ म्हणतात.

इतिहास : या जंगलाचा इतिहास मुख्यतः पाण्याचा आहे. उद्यानाच्या मध्यभागी कान्हेरीची १०९ बौद्ध लेणी आहेत. इ.स.पू. पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे भिक्खूंचा वावर होता. शिलालेखांत या डोंगराला ‘कण्हगिरी’ म्हटले आहे. कृष्णगिरी हे त्याचेच संस्कृत रूप. बहुतेक लेण्यांच्या अंगणाशी खडकात खोदलेले टाके दिसते. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हणतात. छतावरून व कातळावरून ओघळणारे पाणी बारीक पन्हळींनी टाक्यात आणलेले आहे. आठ महिने कोरड्या जाणाऱ्या डोंगरावर वर्षभर राहण्याची ही सोय होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई शहरातील विहिरी-तळी अपुरी पडू लागली आणि नजर पुन्हा याच डोंगराकडे वळली. १८५६ मध्ये सुरू झालेला विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला आणि शहराला नळाचे पाणी मिळू लागले. १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. तुळशी भरून वाहू लागला की पाणी विहारात येते आणि विहारचा सांडवा मिठी नदीला मिळतो. तुळशीची साठवणक्षमता सुमारे ८०५ कोटी लिटर, तर विहारची सुमारे २,७७० कोटी लिटर आहे. आजच्या मुंबईच्या गरजेत या दोन्ही तलावांचा वाटा अल्प आहे. पण पिण्याचे पाणी शुद्ध राहावे म्हणून त्यांच्या पाणलोटातील डोंगर मोकळे राखले गेले आणि भोवतीचे साष्टी बेट वस्तीने भरून गेले तरी जंगल टिकले.

१९४२ मध्ये कान्हेरी परिसरातील सुमारे २० चौ. किमी. भागाचे कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान झाले. १९६९ पासून लगतची राखीव वने जोडून त्याचा विस्तार होत गेला. पुढे त्याला बोरिवली राष्ट्रीय उद्यान आणि ऐंशीच्या दशकात सध्याचे नाव मिळाले. झोपड्यांच्या अतिक्रमणाविरुद्ध १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. १९९७ च्या आदेशानंतर हजारो झोपड्या हटवण्यात आल्या व पात्र कुटुंबांचे चांदिवलीत पुनर्वसन सुरू झाले. वारली व इतर आदिवासींचे पाडे मात्र या घडामोडींच्या फार आधीपासूनचे आहेत. २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले.

बिबट्या : २००४ मध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक बळी गेले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने संघर्ष उलट वाढतो, हे अभ्यासातून पुढे आले. २०११ पासून वन विभाग, संशोधक व नागरिक यांनी भर बदलला : कचरा उचलणे, त्यावर पोसणारी भटकी कुत्री कमी करणे, अंधारात मुलांना एकटे न सोडणे. उद्यान व परिसरातील कॅमेरा-सापळ्यांत २०१५ मध्ये ३५, तर २०१८ मध्ये ४७ बिबट्यांची नोंद झाली. पाड्यांवर वाघोबा पूर्वीपासून देव म्हणून पुजला जातो.

ऋतू व निसर्गोपक्रम : निसर्गभ्रमंतीचे वेळापत्रक येथे पावसावर ठरते. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात, तेव्हा पहाटेचे पक्षिनिरीक्षण चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा व काटेसावर फुलतात. निष्पर्ण फांद्यांवरील फुलांतला रस प्यायला येणारे पक्षी सहज दिसतात. एप्रिल-मे मध्ये राज्यपुष्प ताम्हण बहरते आणि सुटीतली मुलांची शिबिरे भरतात. जूनच्या सरींनंतर शिलोंड्याच्या पायवाटेवरचे ओढे वाहू लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस फुलपाखरांचा हंगाम असतो. गोरेगाव येथे उद्यानाला लागून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. तेथील ‘ब्रेकफास्ट विथ बटरफ्लाइज’ हा उपक्रम प्रसिद्ध आहे. २ ते ८ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह शाळांसाठी मुख्य काळ असतो.

सर्वांत दीर्घ ऋतुचक्र कारवीचे. या झुडपाची खरखरीत पाने दर पावसाळ्यात हिरवी होतात, उन्हाळ्यात काड्या उरतात; आठव्या वर्षी मात्र उतारच्या उतार जांभळ्या फुलांनी भरतो, मधमाश्यांची झुंबड उडते आणि झुडूप मरते. वाळलेली फळे पुढच्या पावसापर्यंत तशीच राहतात. ओल लागताच तडतड फुटून बी उधळतात. सरळ काड्या विणून, शेणमातीने लिंपून पाड्यांवर कुडाच्या भिंती होत. उद्यानात २००८, २०१६ व २०२४ मध्ये कारवी फुलली. पुढचा बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे.