७५३६६४ : एका पत्त्याची कुळकथा

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यासाठी वीसच तारा होत्या. म्हणजे १०,४८,५७६ घरं. खालची ६४० केबी प्रोग्रामना मिळाली, वरच्या भागात पडद्याची जागा राखली गेली. रंगीत मजकुराचा पडदा सुरू होतो ७५३६६४व्या घरापासून. ८० स्तंभ, २५ ओळी, दर खणाला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. तिथे बाइट लिहिला की अक्षर उमटलंच. बायोसमार्फत लिहिण्याची रीतसर वाट असताना असं थेट लिहिणं ही बेशिस्तच, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. बायोसची वाट संथ होती, आणि सगळे एकाच जागी लिहू लागल्यामुळे त्या जागेवर विसंबता येऊ लागलं. त्याचा लाभ मराठीलाही झाला. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं जिस्ट तंत्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्याचं कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्राम जसेच्या तसे देवनागरी दाखवू लागत. बीड जिल्ह्यातल्या ‘आष्टी’चंच नाव घ्या. भारतीय लिपींसाठीच्या इस्की संकेतात त्याचे पाच बाइट : आ, ष, हलन्त, ट, दीर्घ वेलांटी. प्रोग्रामच्या लेखी ते पाच सुटे खण, त्यांतून ‘ष्टी’ जुळवायचं काम कार्डाचं. प्रत्येक प्रोग्रामने पडदा आपापल्या जागी मांडला असता, तर कार्डाने मजकूर गाठायचा कुठे?

१९८२च्या ८०२८६ प्रोसेसरने मात्र पत्त्याचा अर्थच बदलला. त्याच्या संरक्षित पद्धतीत प्रोग्राम सांगतो तो आकडा थेट जागा दाखवत नाही. आष्टी तालुक्यातल्या शेताच्या गट क्रमांकासारखा तो असतो : सातबारा उघडल्याशिवाय क्षेत्र किती, हक्क कोणाचा, हे कळत नाही. प्रोसेसरच्या तक्त्यातही सुरुवात, लांबी आणि हक्क नोंदलेले असतात. जुन्या सवयीने पडद्याच्या जागेचा बी८०० हा आकडा (षोडशमान पद्धतीतला; त्याला सोळाने गुणलं की ७५३६६४) तसाच दिला की नोंद जुळत नाही आणि प्रोग्राम तिथेच थांबवला जातो. मग जुनी रीत मोडीत निघाली म्हणायची का? तसंही नाही. डॉसच्या प्रोग्रामना संरक्षित पद्धत वापरू देणाऱ्या १९९०च्या डीपीएमआय करारात रीतसर सोय झाली : जुना आकडा द्या, त्याच जागेची नोंद असलेला नवा क्रमांक घ्या. बोरलँड पास्कल ७मध्ये तर सेगबी८०० हे तयार नावच होतं. साध्या पद्धतीत त्याची किंमत जुना आकडा, संरक्षित पद्धतीत नवा क्रमांक. दोन्हींतून लिहिलेलं अक्षर पोचायचं त्याच ७५३६६४व्या घरात.